दोन शेपट्यांचा डाग

आत्याला चहाच्या कपातला केस दुसऱ्या खोलीतून दिसतो, असं बाबा म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. भिंतीवरची तसबीर बोटभर कलली असेल तर ती घरात शिरल्याशिरल्या आधी ती सरळ करायची, मग चपला काढायची. पाहुणे यायचे असले की आई तिला बोलावून खोल्यांमधून एक चक्कर मारायला लावायची. "वन्सं, तुमच्या नजरेतून सुटलं ते कुणालाच दिसायचं नाही," आई म्हणायची. आत्याला हे वाक्य पूर्वी आवडायचं. पुढे आवडेनासं झालं. का, ते मला यंदापर्यंत ठाऊक नव्हतं.

तिची आणखी एक गोष्ट मला कळत नसे. तिच्या घरापासून दोन बसथांब्यांवर चष्म्याचं चांगलं दुकान होतं, तरी ती चष्मा करायला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायची. विचारलं तर म्हणायची, "तेवढंच फिरणं होतं."

ती वेधशाळेत नोकरीला होती. शाळेत मी हे मोठ्या तोऱ्यात सांगायची, आणि मैत्रिणींना वाटायचं, ती दुर्बिणीतून आकाश बघते. प्रत्यक्षात एकतीस वर्षांत तिने दुर्बिणीला डोळा लावला तो दोनदा, आणि दोन्ही वेळा ढग होते. तिचं काम तळमजल्यावर, दिवसाढवळ्या, दहा ते साडेपाच. त्या खोलीला काचघर म्हणत. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर काढत. खिडकीच्या तावदानाएवढ्या त्या काचा कागदी पाकिटांत घालून लोखंडी मांडण्यांत उभ्या ठेवलेल्या असत. फोटो उलटा यायचा: आकाश पांढरं, तारे काळे. जन्मभर मी शाईचे शिंतोडे मोजले, असं आत्या म्हणायची.

आत शिरताना चपला बाहेर, ओढणी किंवा पदर खोचलेला, हातात सुती मोजे. शाईचं पेन न्यायला बंदी, कारण एक थेंब उडाला तर आकाशात एक तारा वाढायचा. लिहायचं ते पेन्सिलीने. आणि लिहिलेलं खोडरबराने पुसायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवं लिहायचं आणि सही करायची. धूळ ही तिथली खरी वैरीण. आत्या उंटाच्या केसांचा ब्रश घेऊन काच झाडायची आणि भिंग लावून ठरवायची की हा तारा, हा काचेवरच्या रसायनाच्या लेपातला बुडबुडा, हा केस, हा कुणाच्या तरी बोटाचा ठसा. डाग ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नोकरीच्या मध्यावर नवं काम आलं. एका उपग्रहाने आकाश अवरक्त प्रकाशात पाहिलं होतं. तांबड्याच्या पलीकडचा हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. इस्त्री बंद केल्यावरही हात जवळ नेला की ती गरम आहे हे कळतं ना, तो त्यातलाच. उपग्रहाला आकाशात अशा हजारो उबदार जागा सापडल्या होत्या. उबदार म्हणायचं आपलं, आत्या हसून सांगायची, त्यातल्या कित्येक बर्फाहून दोनशे अंश गार. पण भोवतीचं आकाश त्याहून गार, म्हणून त्या उठून दिसायच्या. अडचण अशी, की उपग्रहाची नजर जाडीभरडी होती. ऊब नेमक्या कुठल्या ठिपक्यातून येते ते त्याला सांगता येत नसे. तो नुसता एक लंबगोल आखून द्यायचा: इथे कुठेतरी आहे. मग पारदर्शक कागदावर ते लंबगोल काढून, कागद काचेवर ठेवून, भिंगातून बघायचं की त्या लंबगोलात काय दिसतं. तारा? दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं दूरचं गाव? की काहीच नाही? काहीच नसलं किंवा नुसता काचेचा डाग असला तर फुली मारायची. फुली मारलेल्या जागेकडे मोठी दुर्बीण वळत नसे.

एका माणसाची नजर चुकते, म्हणून प्रत्येक काच दोघींनी बघायची असा नियम होता. रजिस्टरला दोन रकाने, दोघींची दोन टेबलं, मध्ये पुठ्ठ्याची आडोशाची भिंत. दोघींचं लिहून होईस्तोवर एकमेकींशी त्या काचेबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. मग रकाने जुळवायचे, आणि जिथे जुळणार नाही तिथे साहेबांनी स्वतः येऊन तिसऱ्यांदा बघायचं. पहिला रकाना आत्याचा होता. दुसऱ्या रकान्यासाठी एक नवी मुलगी आली, पंचवीसेक वर्षांची, शिक्षण अर्धवट सुटलेलं. वेधशाळेत सगळे त्यांना मोठी आणि धाकटी म्हणू लागले, आणि मूळ नावं पगारपत्रकापुरती उरली.

धाकटी बोलायला कमी. डबा खातानाही ती खगोलशास्त्राच्या मासिकांच्या जुन्या अंकांतले लेख वाचत बसायची. साहेबांनी एकदा सहज म्हटलं होतं की लंबगोलात कुणाला काही वेगळं, आधी कुणी न नोंदलेलं सापडलं तर त्याची यादी मोठ्या दुर्बिणीला पाठवू, शोधणाऱ्याच्या नावासह, आणि पुढे शिकायचं असेल तर शिफारसही देऊ. धाकटीने ते गाठीला बांधून ठेवलं होतं. शंभरातल्या पाचसहा जागी दोघींचं जुळत नसे. साहेब येत, भिंगात वाकून बघत, आणि नेहमी म्हणत, मोठीचं बरोबर आहे. वर्षभरात एकही तिसरी पाहणी आत्याच्या विरुद्ध गेली नव्हती.

ती गोष्ट धाकटीच्या दुसऱ्या वर्षातली. यादी पाठवायची मुदत दोन दिवसांवर आलेली, साहेब बाहेरगावी, आणि रकाने जुळवताना एका ओळीवर आत्या थांबली. तिने स्वतः फुली मारली होती. शेजारी धाकटीच्या बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं: धूसर, दोन शेपट्या. आत्याने परत भिंग लावलं. एक मळकट पुसट ठिपका, त्यातून दोन बाजूंना निघालेले दोन केसासारखे फराटे. असले फराटे तिने शेकड्यांनी पाहिले होते. बोट टेकून किंचित सरकलं की असंच दिसतं.

"अगं, कुणीतरी बोट पुसलंय काचेला," ती म्हणाली. "याला दीर्घिका म्हटलंस तर उद्या माझ्या चष्म्यावरही तुला दोनचार सापडतील."

धाकटी हसली. मग म्हणाली, "ताई, ठसा असता तर रेषा दिसल्या असत्या."

एवढंच. पण साहेब यायला चार दिवस होते आणि मुदत दोन. शिवाय आत्याने मला हे सांगताना दुसरं कारणही लपवलं नाही: चौदा महिन्यांपूर्वी आलेली पोर मला ठसा कसा असतो ते शिकवते, हे तिला लागलं. धाकटी डबा धुवायला गेली तेव्हा तिने नकाशांच्या खणातलं खोडरबर काढलं, ती ओळ पुसली, आणि धाकटीच्या रकान्यात फुली मारली. रेघ नाही, सही नाही. परत आल्यावर धाकटीने रजिस्टरकडे पाहिलं आणि पुढची काच मागितली.

त्यानंतर मात्र दोघींचं उत्तम जमलं. रकाने पुढे जुळतच गेले. काम आणखी पावणेसहा वर्षं चाललं, आणि संपलं तेव्हा साहेबांनी दोघींना एक प्रशस्तिपत्र दिलं. त्यात 'अपूर्व एकमत' असे शब्द होते. आत्याने ते चौकटीत घालून पुढच्या खोलीत लावलं. काचघराला आता एकच माणूस पुरे होतं. धाकटीची नेमणूक संपली. तिने कधीच यादी दिली नव्हती, म्हणून शिफारसही कुणी दिली नाही.

पुढच्याच वर्षी वेधशाळेच्या मार्गिकेत एक मोठं चित्र लागलं. दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या लोकांनी, तोच उपग्रहाचा लंबगोल धरून, नव्या कॅमेऱ्याने काढलेलं. मध्ये एक मळकट गोळा आणि दोन बाजूंना लांब वळलेल्या दोन शेपट्या. खाली आकाशातला पत्ता छापलेला होता. आत्याला असे पत्ते तोंडपाठ असत. तिने तो एकदा वाचला, जाऊन पाणी प्यायली, आणि परत येऊन वाचला.

त्या दोन दीर्घिका होत्या, एकमेकींवर आदळून एक होत असलेल्या. शेपट्या म्हणजे त्या आदळण्यात बाहेर फेकलेले तारे. आतला वायू मध्याकडे कोसळत होता आणि त्यातून ताऱ्यांची रांग लागली होती. आपल्या दीर्घिकेत वर्षाला एकदोन तारे जन्मतात, तिथे शेकड्यांनी. पण त्या जन्मांचा सगळा उजेड भोवतीची धूळ गिळत होती. काजळीइतकी बारीक धूळ. उजेड खाऊन ती धूळ तापायची आणि तो उजेड ऊब म्हणून बाहेर सोडायची. म्हणून डोळ्याला मळकट डाग आणि अवरक्तात आपल्या अख्ख्या दीर्घिकेच्या शंभरपट तेज. "वरून बघितलं तर विझलेली चूल," आत्या मला म्हणाली. "आणि आत बघ काय चाललं होतं."

ती हे कुणाला बोलली नाही. साहेबांना नाही, धाकटीला तर नाहीच. धाकटी एव्हाना एका चष्म्याच्या दुकानात लागली होती, पुढे ते तिने चालवायलाच घेतलं. दोन बसथांब्यांवरचं तेच दुकान.

यंदा वेधशाळेकडून पत्र आलं. काचघर रिकामं करून सगळी रजिस्टरं संगणकावर घ्यायची होती, आणि जुनी अक्षरं, सह्या ओळखून द्यायला कुणी येईल का, असं विचारलेलं. आत्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू नुकतेच काढले होते. तिने पत्र हातभर लांब धरून वाचलं आणि मला म्हणाली, "एक ओळ जागेवर ठेवून यायचीय. चल." बसमध्ये तिने मला वरची सगळी हकीकत सांगितली, खिडकीबाहेर बघत, मध्ये एकदाही न थांबता.

काचघरातल्या मांडण्या निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. तिथला संशोधक पस्तिशीचा, अघळपघळ, बोलका. त्याने आत्याला आजी म्हणून हाक मारली, तेव्हा आत्या म्हणाली की मला नातवंडं नाहीत, रजिस्टरं आहेत, आणि त्यातलं सातवं काढ. मग त्याने आपण होऊन सुती मोजे पुढे केले. चपला आत्याने न सांगता बाहेर ठेवल्या होत्या.

पान तिला पटकन सापडलं. दुसऱ्या रकान्यात फुली होती, आणि फुलीखालचा कागद जरा खरबरीत झालेला. "इथे मी रबर लावलं," तिने त्याला सांगितलं. "इथे तिने बरोबर लिहिलं होतं. ते मला परत लिहायचंय."

त्याने लगेच हो म्हटलं नाही. रजिस्टर उचलून तो खिडकीशी गेला आणि पान आडवं, उजेडाच्या जवळजवळ रेषेत धरलं. धाकटी पेन्सिल दाबून लिहायची. पुसलेल्या अक्षरांचे खळगे कागदात तसेच होते, आणि तिरप्या उजेडात त्यांच्या सावल्या पडल्या. मी वाचलं: धूसर. दोन शेपट्या. आणि पुढे आणखी दोन शब्द: परत बघावं.

"हे होतं?" आत्या म्हणाली. "हे मला आठवत नाही."

संशोधकाने त्या पानाचा तसाच फोटो घेतला. मग आत्याने विचारलं, की त्या डागाच्या आत शेवटी काय निघालं? हा प्रश्न तिने इतकी वर्षं कुणाला विचारला नव्हता. तो खुलला. म्हणाला, त्यावर अजून वाद चालतात. अशा दीर्घिकांना पेटतं ठेवणाऱ्या दोन गोष्टी असू शकतात. एक ताऱ्यांचे जन्म. दुसरी, मध्यभागी बसलेलं प्रचंड कृष्णविवर, ज्यात पडता पडता वायू भयानक तापतो. धूळ दोघांचाही उजेड सारखाच गिळते, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. मग त्या उबेचे रंग वेगळे करून बघायचे. तारे जन्मत असले की काजळीच्या रेणूंची खूण उमटते, कृष्णविवराच्या जवळ ते रेणू जळून जातात आणि धूळ जास्त तापलेली असते. "आणि यात?" आत्याने विचारलं. यात बरीचशी काजळीची खूण आहे, तो म्हणाला, पण अगदी मध्यात आणखी काहीतरी आहे आणि तिथली धूळ इतकी दाट, की अवरक्तालाही पुरतं आरपार दिसत नाही.

आत्याने मान हलवली. तिचं काम झालं होतं, आम्ही निघणारच होतो. तेवढ्यात तो सहज म्हणाला, बरं झालं तुम्ही हे पान दाखवलंत, मला एक कोडं पडलं होतं. त्याने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. पहिले चौदा महिने दोन रकान्यांत शंभरात पाचसहा फरक. मग हे पान. आणि या पानानंतर पावणेसहा वर्षं, चार हजारांवर ओळी, एकही फरक नाही.

"असं होत नाही," तो म्हणाला. "एकाच माणसाने तीच काच दोनदा बघितली तरी इतकं जुळत नाही. दुसरा रकाना इथून पुढे नुसती नक्कल आहे. मला तो सोडून द्यावा लागेल."

आत्या पडद्याकडे बघत राहिली. "त्याचं प्रशस्तिपत्र आहे माझ्याकडे," ती म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं विनोद आहे.

ती एक ओळ घेऊन आली होती आणि आता चार हजार ओळी तिच्यासमोर होत्या. त्यातल्या तिच्या फुल्या तीनशेबारा, संशोधकाने मोजून सांगितल्या. त्या तीनशेबारा लंबगोलांमध्ये खरंच काही नव्हतं, की तिला दिसलं नव्हतं, हे सांगणारी दुसरी नजर तिथे नव्हती. तिनेच ती मिटवली होती, एका दुपारी, डबा धुवायला लागतो तेवढ्या वेळात. तिने पेन्सिल मागितली. फुलीवर एक आडवी रेघ मारली आणि शेरा या रकान्यात लिहिलं: 'या पानापासून पुढे एकाच माणसाची नजर. चूक माझी.' खाली सही केली. तिचं अक्षर कधी इतकं वेडंवाकडं आलेलं मी पाहिलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ती घरचा थांबा येण्याआधी दोन थांबे उतरली. मी मागोमाग उतरले.

दुकान अरुंद होतं, दोन्ही भिंतींना आरसे आणि चौकटी. काउंटरमागे एक पन्नाशी ओलांडलेली बाई काच घासत होती. तिने मान वर केली, आत्याला पाहिलं, आणि हातातली काच फडक्यावर ठेवली.

"या ताई," ती म्हणाली. "फार लांबून आलात."

आत्या खुर्चीवर बसली आणि तिने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं: खोडरबर, मार्गिकेतलं चित्र, आजचं रजिस्टर. धाकटीने तेवढ्यात ती काच पुसून खोक्यात ठेवली.

"मला तेव्हाच कळलं होतं," शेवटी ती म्हणाली. "रबराचा चुरा तुमच्या बाहीवर होता."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलणार? तिसरं बघायला साहेब, आणि साहेब म्हणणार मोठीचं बरोबर." ती फडक्याची घडी घालू लागली. "त्यानंतर मी तुमची पेन्सिल ऐकायचे. फुली मारलीत की दोन छोटे आवाज. तारा असला की जरा मोठा. दीर्घिका असली की तुम्ही वर्णन लिहायचात, बराच वेळ चालायचं. आवाज झाला की मी लिहायचे. भिंगाला डोळा लावलेला असायचा, पण बघत नव्हते."

"इतकी वर्षं?"

"पहिले काही महिने रागाने. मग सवयीने." तिने घडी काउंटरवर ठेवली. "आता राग नाही हो. पण बघायची मला आवड होती. ती गेली ती गेलीच."

माफीचा शब्द आत्याने बसमध्ये तयार करून ठेवला असावा, पण तिथे तो तिने काढला नाही. धाकटीने त्याची वाट पाहिली असंही मला वाटलं नाही. ती उठली, सवयीने आत्याच्या डोळ्यांकडे वाकून बघितलं, आणि विचारलं की ऑपरेशन होऊन किती दिवस झाले, आणि अजून जुनाच चष्मा का लावताय.

मग तिने आत्याला आतल्या खुर्चीत बसवलं, समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता उजळला, हाताने एक डोळा झाकायला सांगितला. वरच्या ओळी आत्याने धडाधड वाचल्या. चौथी जरा अडखळत. शेवटच्या ओळीला ती म्हणाली, "काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

"ताई, काही नाही आणि कळत नाही यांत फरक असतो. जे दिसतंय ते सांगा."

आत्या पुढे वाकली. बराच वेळ गेला. आरशात मला तिचा उघडा डोळा दिसत होता, पाण्याने भरलेला, मिटू न देता ताणून धरलेला.

"धूसर आहे," ती म्हणाली. "चार आहेत. की पाच. दुसऱ्याच्या खाली काहीतरी लोंबतंय. काय ते सांगता येत नाही."

"बरं," धाकटी म्हणाली आणि कार्ड पुढे ओढून लिहू लागली. ती अजून पेन्सिलच वापरत होती, आणि तशीच दाबून. झाकलेल्या डोळ्यावर हात तसाच ठेवून आत्या तिचं लिहिणं संपेपर्यंत तो आवाज ऐकत बसली.